तीन वर्षं उभी असलेली मारुती 800: आजार इंजिनात नव्हताच

अण्णांची मारुती 800, मार्च 2000 मधली, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), एमएच 10 पासिंग. रस्त्यावर शेवटची धावली फेब्रुवारी 2020 मध्ये, आणि परत स्वतःच्या ताकदीवर गेटच्या बाहेर पडली जानेवारी 2024 मध्ये. मधल्या चार वर्षांत जवळजवळ एक वर्ष गॅरेजमध्ये उघडी पडून होती आणि बाकी सगळा काळ विश्रामबागला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ती चालू करताना आम्ही जे जे केलं, जिथं चुकलो आणि शेवटी जे सापडलं ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण अशा अवस्थेतल्या गाड्या सांगलीत गल्लोगल्ली उभ्या दिसतात आणि लोक कंटाळून त्या भंगारात देतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

आधी मूळ घटना. अण्णा तासगावहून येत होते, कवलापूरच्या अलीकडं टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, त्यांना वाटलं आता सांगली आलीच की, म्हणून तशीच दोन-तीन किलोमीटर रेटली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागल्यावर थांबले. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) उडालं होतं, हेड वाकलं होतं. गाडी गॅरेजला गेली, हेड फेसिंगला मशीन शॉपमध्ये गेलं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. मग हेड एका ठिकाणी, ब्लॉक दुसऱ्या ठिकाणी, मिस्त्री गावाला. असं करत करत 2020 च्या डिसेंबरला इंजिन जुळलं. हेड प्लेन केलेलं, व्हॉल्व्ह ग्राइंड केलेले, पिस्टनच्या रिंगा नव्या, बेअरिंग नवे, टायमिंग बेल्ट नवा. गॅरेजमध्ये दहा मिनिटं चालवून दाखवली, एकतीस हजार घेतले आणि जानेवारीत दोर बांधून घरी आणून सोडली, कारण तोवर बॅटरी गेली होती आणि आरसीची (गाडीच्या नोंदणीची) मुदत पण मार्च 2020 लाच संपलेली. (कोविडमुळं सरकारनं कागदपत्रांची मुदत वाढवत वाढवत 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत नेली होती, त्यामुळं तेव्हा त्याची घाई वाटली नाही.) त्याच महिन्यात अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं, आणि गाडी राहिली ती राहिलीच. जुलै 2021 च्या महापुरात गावभागातले आमचे मामा सगळं बिऱ्हाड घेऊन आमच्याकडं आले तेव्हा त्यांच्या गाद्या, ट्रंका, तांदळाची पोती या गाडीत आणि गाडीवर ठेवलेली होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं. आमच्याकडं पाणी आलं नाही, पण ती ओल, तो दमटपणा त्या शेडमध्ये महिनाभर होता, आणि हे पुढं महत्त्वाचं आहे.

नोव्हेंबर 2023, दिवाळी झाली आणि अण्णा म्हणाले, "बघू या का गं एकदा?"

मी कुपवाड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, गाड्यांची मेकॅनिक नाही. त्यामुळं सोबतीला शंभरफुटी रोडवरचे एक म्हातारे मिस्त्री घेतले, त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी पहिल्या दिवशी एकच सांगितलं की सेल्फला (चावी मारल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरला) हात लावायचा नाही, आधी इंजिन हातानं फिरवायचं. हे मला फार पटलं. लोक काय करतात, नवी बॅटरी आणतात आणि पहिल्याच मिनिटाला सेल्फ मारतात. तीन वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरून गेलेलं असतं, रिंगा कोरड्या असतात, कुठं गंज धरला असेल तर नव्या रिंगांचा तिथंच सत्यानाश होतो.

तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सिरिंजनं थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून हळूहळू फिरवलं, फिरलं, कुठंच अडकलं नाही. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरानं घर केलेलं, शेंगांची टरफलं, मामाच्या गादीतला कापूस, सगळं व्यवस्थित रचून ठेवलेलं. हे बघितलं नसतं तर टरफलं सरळ कार्बोरेटरच्या तोंडात गेली असती. जुनं ऑइल काढून नवं भरलं, आणि प्लग न लावताच नव्या बॅटरीवर सेल्फ मारला, तेलाचा दिवा विझेपर्यंत. प्लग नसल्यामुळं इंजिनावर लोड येत नाही आणि तेल वरपर्यंत चढतं. इथपर्यंत सगळं छान.

प्लग लावले आणि सेल्फ मारला तर इंजिन फिरेना. म्हणजे फिरत होतं, पण घुर्र… घुर्र… असं, पाणी उपसायच्या जुन्या पंपासारखं. तोवर शेजारचे दोघं-तिघं जमलेले, एकानं लगेच निकाल दिला की रिंगा टाइट बसवल्यात. दुसरा म्हणाला बेअरिंग धरलंय. मी दुसऱ्या एका गॅरेजला फोन केला तर तिथंही तेच, इंजिन परत खोलावं लागेल, अठरा हजार धरा. अण्णांचा चेहरा उतरला. ज्या भागाला एकदा हात लागलाय, ज्याच्यावर पैसे गेलेत, संशय आधी त्याच्यावरच जातो, आणि या गाडीत पुढं प्रत्येक पायरीवर हेच झालं.

मला मात्र खटकत होतं की हातानं फिरवताना जे इंजिन इतकं मोकळं होतं ते सेल्फला का जड जातंय. म्हणून कंपनीत मोटर स्लो झाली की जे करतो तेच केलं, चालू लोडवर व्होल्टेज ड्रॉप मोजला, म्हणजे तारेत वाटेतच किती व्होल्ट वाया जातात ते. कॉइलची मेन वायर काढून अर्थला धरली म्हणजे गाडी पेटणार नाही, अण्णांना चावी फिरवायला बसवलं, आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर) आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर स्वच्छ जागी टेकवली. सेल्फ चालू असताना तिथं 2.9 व्होल्ट दिसले. एकाच तारेची दोन टोकं, तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजेत. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमध्ये 11.4 होते. म्हणजे बॅटरीत दम होता, पण जवळजवळ तीन व्होल्ट रस्त्यातच जळत होते आणि सेल्फच्या वाट्याला साडेआठच येत होते.

अर्थिंगची पट्टी (बॅटरीच्या निगेटिव्हकडून इंजिनाकडं येणारी तार) जिथं गिअरबॉक्सला बसते तो बोल्ट खोलला. वरून दिसायला एकदम टाइट. खाली वॉशरच्या जागी हिरवी-पांढरी भुकटी, आणि पट्टीच्या विणलेल्या तारा बोटानं चोळल्या तर तुटून हातात येत होत्या, आत तांबं दिसतच नव्हतं. इंजिन परत बसवताना जुनीच पट्टी, जुन्याच वॉशरसकट, न घासता लावलेली, आणि मग पावसाळ्यांच्या दमट हवेनं उरलेलं काम केलं. 180 रुपयांची नवी केबल आणली, दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासली, आवळून वरून ग्रीस लावलं. परत मोजलं तर 0.2. आणि सेल्फ असा फिरला की चाचा नुसते हसले. अठरा हजारांचं काम 180 रुपयांत मिटलं म्हणून नाही, पण ते इंजिन निर्दोष आहे हे आकड्यात दिसलं याचा मला जास्त आनंद झाला.

आता पेटवायची वेळ. टाकीत 2020 मधलं आठ-नऊ लिटर पेट्रोल होतं, ते वापरायचं नाही हे कळत होतं म्हणून काढून टाकलं, वासच सांगत होता, पेट्रोलचा तिखट वास नाही, टर्पेंटाइनसारखा चिकट आंबूस वास. नवं पाच लिटर टाकलं, पेट्रोलचा नवा फिल्टर लावला, चोक ओढला, आणि गाडी पेटली! अर्धा मिनिट. मग धापा टाकत बंद. परत पेटवली, परत अर्धा मिनिट. असं आठ-दहा वेळा.

इथं मी चूक केली ती सांगायला पाहिजे. मी फिल्टर बदलत बसले. पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर होता, संध्याकाळी लावलेला सकाळी तपकिरी. मला वाटलं थोडा कचरा राहिलाय, एक-दोन फिल्टरमध्ये निघून जाईल. तीन फिल्टर गेले, आठवडा गेला. तोवर बाहेरची मतं चालूच, टायमिंग बेल्ट एक दात पुढं बसलाय, व्हॉल्व्ह सीटला लागत नाहीत, हेड परत वाकलंय. म्हणजे परत इंजिनच. चाचांनी गेज लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) घेतलं, 11.5, 11 आणि 11.5 किलो, तिन्ही जवळजवळ सारखे. (प्लगच्या भोकात तेल टाकल्यावर लगेच हे घेऊ नका, तेलामुळं रिंगा सील होऊन आकडा खोटाच वर येतो. आम्ही आठवड्यानं, गाडी दहा-बारा वेळा पेटून गेल्यावर घेतलं.) टायमिंगच्या खुणा बरोबर, प्लगच्या वायरींचा क्रम 1-3-2 बरोबर, ठिणगी निळी. मग उरलं काय?

चाचांची पद्धत साधी होती. पेट्रोल पंपाला टाकीकडून येणारी नळी काढली आणि त्या जागी नवी नळी लावून तिचं दुसरं टोक झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात सोडलं, डब्यात दोन लिटर ताजं पेट्रोल. डबा सायलेन्सरपासून आणि बॅटरीपासून लांब, जमिनीवर, बाजूला वाळूची बादली. हे घरी कुणी एकट्यानं करू नये, पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही. चावी मारली. गाडी पेटली आणि चालूच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. अण्णा शेडच्या खांबाला धरून उभे होते, ते काही बोलले नाहीत, फक्त आईला हाक मारून बाहेर बोलावलं.

एका डब्यानं गाडीचे दोन भाग पडले. पंपापासून पुढं सगळं चांगलं, पंपाच्या मागं सगळं संशयित. कार्बोरेटरवाल्या 800 ला पंप मेकॅनिकल असतो, इंजिनच्या कॅमवर चालतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. हे ओढणं लक्षात घेतलं पाहिजे, कारण ओढणाऱ्या बाजूची नळी फुटली तर पेट्रोल खाली गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. त्यामुळं गाडीखाली एक थेंब नव्हता आणि आम्ही नळ्यांकडं बघितलंच नव्हतं. टाकीच्या वरची रबरी नळी, जी वाकून लोखंडी पाइपला जाते, ती वाकवून बघितली तर बाहेरच्या वळणावर बारीक बारीक भेगा, वाळलेल्या शेतासारख्या. सरळ ठेवली की भेगा मिटायच्या आणि नळी चांगली दिसायची.

टाकी खाली उतरवली. आत टॉर्चचा उजेड टाकला आणि मी गप्पच झाले. तळाला लालसर चिखल, बाजूंना गंजाचे पापुद्रे, आणि पेट्रोल ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची जाळी गुळाच्या काकवीसारख्या चिकट थरानं बुजलेली. अर्धा मिनिट चालायला पुरेल इतकंच पेट्रोल त्यातून झिरपत होतं. याचं कारण आपल्याला सांगलीत तरी समजायला अवघड नाही, आपल्याच उसाच्या मळीतून इथेनॉल निघतं आणि पेट्रोलमध्ये मिसळतं. इथेनॉलला मी नावं ठेवत नाही, चालत्या गाडीत पेट्रोल आठवड्या-पंधरवड्यात संपून जातं, काही होत नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रिकामी जागा जास्त असलेली टाकी, दमट शेड, तीन पावसाळे, मग ते पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात, जड म्हणून तळाला बसतात आणि पत्रा खायला लागतात. शिवाय 2000 सालच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे इतक्या इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते. जून 2022 मध्ये देशात दहा टक्क्यांचं टार्गेट गाठलं, आणि 2023 मध्ये वीस टक्केवालं पेट्रोल पण काही पंपांवर यायला लागलं, म्हणजे आता अशी जुनी गाडी उभी करून ठेवणं जास्तच अवघड होणार आहे.

टाकी चाचांनी साफ केली, आत मूठभर नट आणि जुन्या सायकलची चेन टाकून दोघांनी मिळून अर्धा तास हलवली, गंज काढायचं केमिकल, मग धुणं, मग दोन दिवस तोंडं उघडी ठेवून कडक उन्हात. नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल चालणाऱ्या. पंपाचा पडदा कडक झालेला म्हणून तोही बदलला. त्यानंतर फिल्टर पंधरा दिवस पांढराच राहिला.

कार्बोरेटरचं थोडक्यात सांगते. चोक सोडला की गाडी बंद पडायची, म्हणजे पायलट जेट (गाडी जागेवर मंद चालताना पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजलेलं. उघडून स्प्रे मारला आणि वायरमधली तांब्याची एक तार घालून मोकळं केलं. स्टीलची तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेलं.

मग गाडी गरम व्हायला लागली. हा सगळ्यात वाईट दिवस होता. पंधरा मिनिटांनी काटा वर चढायला लागला आणि अण्णांनी स्वतः चावी काढून घेतली, म्हणाले, "झालं, हेड परत गेलं." त्यांना कवलापूर आठवलं असणार. मला पण आठवलं. पण आतापर्यंत दोनदा असंच झालेलं, त्यामुळं मी म्हटलं आपण आधी बघू तर. गाडी पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून चालू केली, पाण्यात बुडबुडे नाहीत, म्हणजे सिलिंडरचा गॅस पाण्यात येत नाही. ऑइल दुधाळ नाही. मग झाकण लावून गरम होऊ दिली आणि रेडिएटरची वरची नळी हातात धरली. इंजिन तापलेलं, काटा वर, आणि नळी थंड! गरम पाणी रेडिएटरकडं जातच नव्हतं, आणि म्हणूनच पंखा पण लागत नव्हता, त्याचा स्विच गार पाण्यात बसलेला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडं सोडणारी झडप, जाम.

तो काढला, आणि आईच्या एका जुन्या पातेल्यात दोऱ्यानं लोंबकळत ठेवून गॅसवर पाणी तापवलं. त्याच्यावर 82 छापलेलं, म्हणजे 82 डिग्रीच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. पाणी खळखळ उकळलं तरी ढिम्म. नवा आणला, त्याच पातेल्यात टाकला, पाणी उकळायच्या बरंच आधी तो अलगद, फूल उमलावं तसा उघडला, आणि गॅस बंद केल्यावर तसाच हळूहळू मिटला. अण्णा स्टूल घेऊन किचनमध्ये बसून हे बघत होते, त्यांनी दोनदा करायला लावलं. इंजिनात कूलंटऐवजी नुसतं बोअरचं खारं पाणी भरलेलं होतं गॅरेजमध्ये, तीन वर्षांत त्याचा पांढरा क्षार आणि गंज सगळीकडं बसलेला. सिस्टम तीन वेळा धुतली, कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरलं. त्यानंतर काटा मधल्या रेघेच्या वर गेलेला नाही, पंखा वेळेवर लागतो.

ब्रेक खरं तर रस्त्यावर काढायच्या आधी, इंजिनाच्याही आधी बघायचे असतात, आणि आम्ही ते गाडी शेडच्या बाहेर काढायच्या आधी केलेच. हँडब्रेक ओढून ठेवलेला असल्यामुळं मागचे दोन्ही ड्रम लायनरला चिकटलेले, चाक हलत नव्हतं. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोड्यानं गोल गोल ठोकत सोडवावे लागले. आत एका बाजूच्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल पाझरलेलं. सिलिंडर, लायनर, ऑइल सगळं नवं. टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, आमच्यावर 2313 होतं, म्हणजे 2013 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण दहा वर्षांचं रबर, बाजूला चिरा, उभं राहून एका जागी चपटं झालेलं. चारही बदलले.

खर्चाचा हिशोब अण्णांच्या डायरीतला आहे. बॅटरी 3800, टायर 9600, ब्रेकचं सामान आणि मजुरी 3400, टाकी, नळ्या आणि पंपाचा पडदा 1900, थर्मोस्टॅट आणि कूलंट 900, अर्थिंग 180, फिल्टर, ऑइल, प्लग मिळून 1700. चाचांनी टाकीचे वेगळे पैसे घ्यायला नको म्हटलं, अण्णांनी जबरदस्तीनं खिशात घातले. एकूण बघितलं तर इंजिनावर एक रुपया गेला नाही. 2020 मधलं ते काम चांगलंच झालेलं होतं, हे मी त्या गॅरेजबद्दल मोकळ्या मनानं सांगते, फक्त इंजिनाच्या भोवतीचं काही त्यांनी बघितलं नाही.

कागदांचं, आरसी रिन्यूअलची फी एप्रिल 2022 पासून कारला 5000 झालेली, तेव्हा तेवढी भरली, वर पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी. गाडी आरटीओला दाखवायला टोइंगवरच नेली, मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नव्हती. पाच वर्षांचं पासिंग मिळालं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी अण्णांनी स्वतः चालवत हरिपूरला नेली, संगमेश्वराला. मी शेजारच्या सीटवर, डोळे काट्यावर. पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल परत बदललं, हेडचे बोल्ट चाचांनी गार इंजिनवर एकदा तपासून दिले. आता उभी करताना हँडब्रेक ओढत नाही, गिअरमध्ये टाकून मागच्या चाकाला वीट लावतो, आणि दर रविवारी ती निदान अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन येते, नुसती जागेवर चालू करून बंद करत नाही, त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. एकच काम राहिलंय, टाकी साफ करताना आतला फ्लोट वाकला असावा, पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून हलत नाही. त्यासाठी टाकी परत उतरवायला अण्णा तयार नाहीत, ते डायरीत किलोमीटर लिहून ठेवतात आणि अडीचशे झाले की पंपावर जातात.